शून्य अभ्यास सापडले, म्हणजे नेमकं काय सापडलं?



पीएचडीच्या तयारीत असलेल्यांकडून मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे, "ताई, रिसर्च गॅप कसा शोधायचा?" पेटच्या मुलाखतीला जायचं, सिनॉप्सिस लिहायचा, तर त्यात एक वाक्य हवंच असतं: 'या विषयावर पुरेसे संशोधन झालेले नाही.' मी पण लिहिलं होतं. गाईड सरांनी त्याखाली लाल पेनाने विचारलं, "पुरेसे म्हणजे किती? आणि झालेले नाही हे कशावरून?" मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं.

आज आपण अशा एका शोधनिबंधाची चिकित्सा करू, ज्याचा निष्कर्षच 'अभ्यास सापडले नाहीत' असा आहे. विषय आहे ट्रान्स स्त्रियांना, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेल्या पण स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तींना, दिल्या जाणाऱ्या अँटिअँड्रोजेन औषधांचा. ही औषधं काम करतात का, आणि सुरक्षित आहेत का?

आधीच सांगून ठेवते. मी जैवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून आता पीएचडी करते आहे. औषध लिहून देणारी डॉक्टर मी नाही, पीएचडी मिळाल्यावरही होणार नाही. इथे आकडे येतील ते अभ्यास वाचायला शिकण्यासाठी. त्यावरून कुणी गोळी सुरू करू नये आणि चालू असलेली बंदही करू नये.

प्रश्न कुठून आला

दिवाळीत भंडाऱ्याला घरी गेले होते. ओळखीतली एक मुलगी भेटायला आली. ओळख पटेल असं काही तिच्याबद्दल लिहीत नाही. एवढंच सांगते की घरच्यांच्या लेखी ती अजून मुलगा आहे. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं, मग तिने पर्समधून गोळ्यांची एक पट्टी काढली.

"ताई, तुमी तं सायन्सवाल्या. मले येवढंच सांगा, ह्या गोळ्या खाल्ल्या तं काही होत तं नाही ना?"

पट्टी गर्भनिरोधक गोळ्यांची होती. मैत्रिणीने सांगितलं म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली. दिवसाला कधी एक, कधी दोन, पैसे असतील तेव्हा तीन. मी म्हटलं, वाचून सांगते. नागपूरला परत आले आणि वाचायला बसले. पहिल्याच रात्री जो निबंध हाती लागला, तोच हा.

आधी थोडी ओळख

ट्रान्स स्त्रियांच्या हार्मोन उपचारात साधारण दोन भाग असतात. एक, इस्ट्रोजेन देणं, बहुतेक करून इस्ट्राडायोल. दुसरा, शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनचा परिणाम कमी करणं. या दुसऱ्या कामाच्या औषधांना ढोबळपणे अँटिअँड्रोजेन म्हणतात. पण ती सगळी एकाच रस्त्याने जात नाहीत, आणि पुढची सगळी चिकित्सा या फरकावर उभी आहे. म्हणून जरा नीट बघा.

सायप्रोटेरॉन अ‍ॅसिटेट हे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध. ते मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून जाणारा आदेश दाबतं, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन तयार होणंच कमी होतं. शिवाय पेशीतल्या रिसेप्टरवरही ते आडवं येतं.

स्पायरोनोलॅक्टोन मुळात रक्तदाब आणि हृदयविकारासाठीचं, लघवी वाढवणारं औषध. अँड्रोजेन रिसेप्टर अडवणं हा त्याचा जोडगुण. त्याने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना जपून द्यावं लागतं.

जीएनआरएच अ‍ॅनालॉग ही इंजेक्शनं पिट्युटरीला सतत टोचणी देऊन शेवटी गप्प करतात. परिणाम चांगला, पण महाग.

बायकॅल्युटामाइड हे प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठीचं. ते फक्त रिसेप्टरची कडी लावतं. टेस्टोस्टेरॉन बाहेर दारात उभंच राहतं, किंबहुना रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं. यकृताला इजा होण्याचा धोका क्वचित पण गंभीर.

यातलं एकही औषध ट्रान्स स्त्रियांसाठी म्हणून जन्माला आलेलं नाही. सगळी दुसऱ्या आजारांच्या घरून उसनी आणलेली आहेत. उसन्या औषधासोबत सुरक्षिततेची माहितीही उसनीच येते, आणि ती वेगळ्या वयाच्या, वेगळ्या शरीरांवरून गोळा केलेली असते.

निबंध काय म्हणतो

कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय पुराव्यांचे पद्धतशीर आढावे काढते. पद्धतशीर म्हणजे काय, तर कुठल्या प्रकारचे अभ्यास घ्यायचे, कुठल्या परिणामांकडे बघायचं हे आधी जाहीर करायचं, मग सगळे डेटाबेस चाळायचे. आपल्या सोयीचे पाच पेपर उचलून लिहिलेला 'लिटरेचर रिव्ह्यू' आणि हा प्रकार यात बराच फरक आहे.

क्लाउडिया हाउप्ट आणि सहकाऱ्यांचा हा आढावा नोव्हेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी १६ वर्षं आणि त्यावरच्या ट्रान्स स्त्रियांवरचे अभ्यास शोधले. अट अशी की त्यात अँटिअँड्रोजेन, इस्ट्राडायोल किंवा दोन्हींची दुसऱ्या उपचाराशी किंवा प्लासिबोशी तुलना हवी. यादृच्छिक चाचण्या चालतील, तुलना गट असलेले कोहॉर्ट अभ्यासही चालतील.

शोधात १,०५७ संदर्भ मिळाले. दुबार आलेले काढल्यावर ७८७ चाळले. त्यातले १३ पूर्ण वाचून तपासले. १२ बाद झाले. उरलेला एक थायलंडमध्ये तेव्हा अजून चालूच होता. निकषात बसणारे पूर्ण झालेले अभ्यास: शून्य.

लेखकांनी स्पष्ट लिहिलं की या उपचारांची परिणामकारकता किंवा सुरक्षितता ठरवायला पुरेसा पुरावा नाही, आणि दवाखान्यात जे चाललंय आणि संशोधनात जे झालंय यात दरी आहे.

खरं सांगू? पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रागच आला. जगभरात अनेक दशकं दिल्या जाणाऱ्या औषधांबद्दल इतकंच? आणि मी तिला काय सांगू, 'शून्य'?

दोन घाईच्या वाचनपद्धती

असा निष्कर्ष हाती आला की लोक दोनच गोष्टी करतात.

पहिली: 'बघा, पुरावा नाही, म्हणजे औषध चालत नाही, म्हणजे हे सगळं थोतांड.' चूक. आढाव्याने औषध तपासून नापास केलेलं नाही. परीक्षा झालीच नाही आणि परीक्षेत शून्य मिळाले, या दोन वेगळ्या मार्कशीट आहेत.

दुसरी: 'सगळ्याच गोष्टींना चाचण्या लागत नाहीत.' याचं आवडतं उदाहरण म्हणजे पॅराशूट. २००३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक गमतीचा निबंध आला होता, पॅराशूटने जीव वाचतो याची एकही यादृच्छिक चाचणी नाही असं सांगणारा. वाचायला मजा येते. पण तो दाखला इथे लागू होत नाही. पॅराशूटचा परिणाम काही सेकंदांत, डोळ्यांसमोर आणि जवळजवळ शंभर टक्के दिसतो. हार्मोनचा परिणाम महिन्यांनी, वर्षांनी दिसतो, माणसागणिक बदलतो, आणि त्याचा एखादा धोका हजारांत एकाला, तोही कितीतरी वर्षांनी येऊ शकतो. असा धोका कुणा एका डॉक्टरच्या अनुभवाच्या जोरावर पकडता येत नाही.

म्हणजे शून्याचा अर्थ औषधाबद्दल फारसा नाही. तो प्रश्नाच्या चाळणीबद्दल आहे. आता चाळणीकडे बघू.

चाळणीतून काय गळालं

आढाव्याचं एक कौतुक आधी करते. त्यांनी परिणाम म्हणून जगण्याची गुणवत्ता, शरीरातल्या बदलांबद्दलचं समाधान आणि गंभीर दुष्परिणाम यांना पुढे ठेवलं. ज्या बाईला औषध घ्यायचं आहे तिचा प्रश्न हाच असतो.

पण तुलना गटाची अट लावल्यावर या क्षेत्रातलं बरंचसं काम आपोआप दाराबाहेर राहतं. उदाहरणार्थ, २०१० पासून युरोपातल्या काही केंद्रांनी मिळून चालवलेला 'एनिगी' नावाचा प्रकल्प. उपचार सुरू करणाऱ्यांची नोंद करायची, पुढे त्यांची मोजमापं घेत राहायची. आधी आणि नंतर, असं. पण 'नंतर'ची तुलना त्याच माणसाच्या 'आधी'शी असते, दुसऱ्या गटाशी नसते.

लेखकांची अट चुकीची होती असं मी म्हणत नाही. उपचाराविना काय झालं असतं हे कळल्याशिवाय उपचाराने काय झालं हे ठामपणे सांगता येत नाही, हे खरंच आहे. माझी तक्रार एवढीच, की अट पाळून बाहेर काढलेल्या कामातून किती आणि कशाबद्दल शिकता येईल, हे वाचकाला कळत नाही. सारांश वाचणाऱ्याला वाटतं की कपाट रिकामं आहे. कपाटात बरंच काही आहे, फक्त या प्रश्नाला लागू पडणारं नाही.

मग चाचणी का झाली नाही? प्लासिबो देऊन वर्षभर बसवणं नैतिकदृष्ट्या अवघड, आणि शरीर बदलायला लागलं की कुणाला काय मिळतंय हे झाकून राहत नाही. पण 'अवघड' म्हणून सोडून द्यायचं का? २०२३ मध्ये मेलबर्नच्या गटाने टेस्टोस्टेरॉन घेऊ इच्छिणाऱ्या ६४ जणांवर चाचणी केली. तिथे उपचारासाठी तसंही थांबावं लागत होतं. त्यांनी निम्म्यांना लगेच औषध दिलं, निम्म्यांना तीन महिन्यांनी. प्रतीक्षा यादीचाच तुलना गट झाला. कुणाचाही उपचार हिरावला गेला नाही. अडचणीतून डिझाइन कसं काढायचं याचा हा छान नमुना आहे, वहीत लिहून ठेवा.

आकडा कुणाचा, प्रश्न कुणाचा

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. या क्षेत्रात 'परिणामकारक' हा शब्द वाचलात की लगेच विचारा: काय मोजलं?

२०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातला ८० जणांचा एक अभ्यास आला. इस्ट्राडायोलसोबत सायप्रोटेरॉन घेणाऱ्यांचं मध्यक टेस्टोस्टेरॉन लिटरला ०.८ नॅनोमोल, स्पायरोनोलॅक्टोनवाल्यांचं २.०, नुसतं इस्ट्राडायोल घेणाऱ्यांचं १०.५. वाचणारा म्हणतो, झालं, सायप्रोटेरॉन जिंकलं.

थांबा. एक तर हा एका वेळेचा फोटो आहे. कुणाला कुठलं औषध हे नाणं उडवून नाही, डॉक्टर आणि रुग्णाने मिळून ठरवलेलं. दुसरं, वर सांगितलेले रस्ते आठवा. सायप्रोटेरॉन उत्पादन थांबवतं, स्पायरोनोलॅक्टोनचं काम मोठ्या प्रमाणात रिसेप्टरवर चालतं. रक्तातला आकडा हा पहिल्याला सोयीचा पेपर आहे. याच पट्टीने बायकॅल्युटामाइड मोजलं तर ते साफ नापास होईल, कारण त्यात आकडा वाढतो. नळ बंद केला की बादली अडवली, हे फक्त पाण्याच्या मीटरवरून कसं कळणार?

अशा मोजमापाला सरोगेट आउटकम म्हणतात. खऱ्या परिणामाच्या जागी बसवलेला, मोजायला सोपा बदली खेळाडू. मधुमेहात एचबीए१सी, हृदयविकारात कोलेस्टेरॉन, तसं इथे टेस्टोस्टेरॉन. बदली खेळाडू वाईट नसतो. पण तो खऱ्याच्या ऐवजी खेळतोय हे विसरायचं नाही.

आढाव्यानंतर चाचण्या आल्या. थायलंडमधल्या ५२ जणींच्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले. १२ आठवडे, एका गटाला सायप्रोटेरॉन, दुसऱ्याला स्पायरोनोलॅक्टोन. टेस्टोस्टेरॉन सायप्रोटेरॉनने जास्त खाली आणलं. मुख्य मोजमाप पुन्हा तेच.

मग मेलबर्नच्या गटाने साठेक जणींवर याच दोन औषधांची यादृच्छिक चाचणी केली, पण मुख्य प्रश्न बदलला. त्यांनी सहा महिन्यांत स्तनांची वाढ किती झाली हे मोजलं. टेस्टोस्टेरॉन पुन्हा सायप्रोटेरॉनने जास्त दाबलं. आणि स्तनवाढीत? दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

हे दोन निकाल शेजारी ठेवा. ज्या आकड्यावरून इतकी वर्षं औषधांची क्रमवारी लावली, तो आकडा बाईला हव्या असलेल्या बदलाबद्दल निदान सहा महिन्यांत तरी काही सांगू शकला नाही. चाचणी लहान आहे, आणि ही वाढ दोन-तीन वर्षं चालू राहते, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. पण ४०-५० मिलिग्रॅमची मात्रा का, आकडा अजून खाली का, या सवयीवर प्रश्न उभा करायला तो पुरे आहे.

आणि सवयीला धक्का देणारं एक काम तर त्या 'गळालेल्या' एनिगीतूनच आलं. २०२१ मध्ये त्यांनी ८८२ ट्रान्स स्त्रियांची आकडेवारी तपासली. सायप्रोटेरॉन रोज १० मिलिग्रॅम घेतलं काय आणि २५, ५० किंवा १०० घेतलं काय, इस्ट्रोजेनसोबत टेस्टोस्टेरॉन तितकंच दबतं असं दिसलं. इथे तुलना वेगवेगळ्या मात्रांची होती. म्हणजे कित्येक वर्षं पाच-दहा पट औषध कारण नसताना दिलं गेलं असावं. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत १० मिलिग्रॅमच आलं.

पाच पट जास्त औषध हा केवळ खर्चाचा प्रश्न असता तर एक वेळ ठीक होतं.

सुरक्षित म्हणजे कुणापुरतं, किती काळ

५२ किंवा ६० जणांच्या चाचणीत दुर्मीळ धोका दिसूच शकत नाही. त्यासाठी लाखांची नोंद लागते. २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये फ्रान्सचा असा अभ्यास आला. सायप्रोटेरॉन सुरू केलेल्या २,५३,७७७ स्त्रिया, सगळ्या राष्ट्रीय आरोग्यविम्याच्या नोंदीतून. तिथे हे औषध प्रामुख्याने चेहऱ्यावरच्या जादा केसांसारख्या तक्रारींसाठी दिलं जात होतं. प्रश्न होता मेनिंजिओमाचा. ही मेंदूच्या आवरणाची गाठ. बहुतेकदा कॅन्सरची नसते, पण जागा वाईट असली तर दृष्टी जाऊ शकते, डोक्याची शस्त्रक्रिया करावी लागते.

तुलना गट कसा निवडला ते बघण्यासारखं आहे. औषध न घेणाऱ्या बायका घेतल्या नाहीत. सुरू करून पहिल्या सहा महिन्यांत एकूण ३ ग्रॅमपेक्षा कमी घेतलेल्या बायका घेतल्या. म्हणजे तक्रार सारखी, डॉक्टरकडे जाण्याची सवय सारखी, फरक मात्रेचा.

जास्त घेतलेल्या गटात दर १ लाख व्यक्ती-वर्षांमागे २३.८ गाठी, कमी घेतलेल्या गटात ४.५. वय वगैरे धरून हिशेब केल्यावर धोका ६.६ पट. एकूण ६० ग्रॅमच्या पुढे गेलेल्यांत २१.७ पट.

'२१ पट' वाचून घाबरायला होतं. म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचायची सवय लावा. ६.६ पट हा सापेक्ष धोका. १ लाखात २४ हा प्रत्यक्ष धोका, म्हणजे वर्षाला साधारण ४,२०० जणींत एक. पहिला औषधाबद्दल सांगतो, दुसरा माणसाबद्दल. बातमीत पहिलाच येतो.

आता साधं अंकगणित. रोज ५० मिलिग्रॅम घेतलं तर ३ ग्रॅम ६० दिवसांत होतात आणि ६० ग्रॅम १,२०० दिवसांत, म्हणजे सव्वातीन वर्षांत. रोज १० मिलिग्रॅम घेतलं तर ६० ग्रॅम व्हायला ६,००० दिवस, सोळा वर्षांहून जास्त. मात्रेचा प्रश्न आयुष्यभर औषध घेणाऱ्या बाईसाठी किती मोठा आहे हे यावरून कळतं. युरोपीय औषध संस्थेने २०२० मध्येच १० मिलिग्रॅम आणि त्यावरच्या मात्रांवर निर्बंध सुचवले होते.

म्हणजे कॉक्रेनच्या 'शून्या'च्या आसपास एवढी माहिती पसरलेली होती आणि आहे. ती ट्रान्स स्त्रियांच्या नावाने लावलेल्या कप्प्यात नव्हती, इतकंच.

आता ती पट्टी

एवढं वाचून झाल्यावर मी पट्टीचा फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. एका गोळीत सायप्रोटेरॉन २ मिलिग्रॅम आणि एथिनिल इस्ट्राडायोल ०.०३५ मिलिग्रॅम.

मी इतके दिवस चुकीचं औषध वाचत होते. सायप्रोटेरॉन २ मिलिग्रॅम म्हणजे ३ ग्रॅम व्हायला १,५०० गोळ्या. तिच्यासाठी जास्त काळजीची गोष्ट शेजारचा तो छोटा आकडा होता. एथिनिल इस्ट्राडायोल हे कृत्रिम इस्ट्रोजेन रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढवतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या केंद्राने २०११ मध्ये ९६६ ट्रान्स स्त्रियांचा दीर्घकाळचा मागोवा छापला. त्यात ते सध्या घेत असलेल्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका तिप्पट दिसला. आजच्या मार्गदर्शक सूचना ट्रान्स स्त्रियांना ते देऊ नका असंच सांगतात. शिवाय नेहमीच्या इस्ट्राडायोलच्या रक्तचाचणीत ते दिसत नाही. म्हणजे कुणी चाचणी करून 'लेव्हल कमी आहे' म्हणून आणखी दोन गोळ्या वाढवायची.

'अँटिअँड्रोजेन सुरक्षित आहे का' या नीटनेटक्या प्रश्नात ही पट्टी कुठेच बसत नाही. संशोधनाचा प्रश्न आणि मेडिकलच्या काउंटरवरचा प्रश्न यांच्यात इतकं अंतर असतं, हे मला माझ्या लॅबमध्ये कधीच कळलं नसतं.

छेदात कोण आहे

वर आलेली नावं पुन्हा मोजा: थायलंड, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, नेदरलँड्स. भारतात २०२० मध्ये हार्मोनतज्ज्ञांच्या 'आयडिया' गटाने मार्गदर्शक मतैक्य प्रसिद्ध केलं. डॉक्टरांना ते उपयोगी आहे. पण मतैक्य म्हणजे जाणत्यांनी एकत्र बसून उपलब्ध पुराव्यावर घेतलेला निर्णय. पुरावा बाहेरचा असेल तर मतैक्यही त्यावरच उभं राहतं.

२०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या कलम १५ मध्ये हार्मोन उपचाराची सोय सरकारने करावी असं आलं, आणि त्याच कलमात डॉक्टरांचा अभ्यासक्रम व संशोधन यांचा आढावा घेण्याचीही गोष्ट आली. प्रत्यक्षात काय? हैदराबाद, कल्याण आणि पुण्यातली 'मित्र' क्लिनिक अमेरिकी मदतीवर चालत होती. २०२५ च्या सुरुवातीला ती मदत थांबली आणि क्लिनिक बंद पडली. दवाखाना बंद होतो तेव्हा रुग्णांची सोय जाते, हे दिसतं. त्यासोबत तिथे साठत जाणाऱ्या नोंदीही थांबतात, हे दिसत नाही.

फ्रान्सचा अभ्यास का होऊ शकला? कारण तिथे गोळीची नोंद आणि शस्त्रक्रियेची नोंद एकाच माणसाच्या नावावर जोडता येते. भंडाऱ्यात रोख पैसे देऊन, बिलाशिवाय घेतलेल्या पट्टीची नोंद कुठे आहे? मी तिला घेऊन नागपुरात एका रुग्णालयात गेले, तर केसपेपरच्या खिडकीवरच 'मेल लिहू का फीमेल' यात अर्धा तास गेला, आणि मागे रांगेत लोक हसत होते. ती म्हणाली, "चला ताई, राहू द्या." आम्ही त्या दिवशी परत आलो. त्या दिवसाचा कुठलाच कागद झाला नाही. उद्या तिला काही झालं, तर अंशात एक वाढेल की नाही सांगता येत नाही, पण छेदात ती नव्हतीच.

दुसऱ्यांदा एका खाजगी हार्मोनतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी नीट ऐकलं, त्या गोळ्या थांबवल्या, तपासण्या लिहून दिल्या आणि पुढचं औषध त्या रिपोर्टनंतर ठरवू म्हणाले. ती सध्या त्यांच्याकडेच जाते. फी आणि बसभाडं धरून तिला ते जड जातं.

तुम्ही यातून काय घ्यायचं

सिनॉप्सिसमध्ये 'संशोधन झालेले नाही' लिहिण्याआधी चार प्रश्न स्वतःला विचारा.

१. कुठल्या चाळणीने पाहिलं? अट थोडी सैल केली तर काय सापडतं?

२. जे मोजलं गेलं, ते कुणाच्या प्रश्नाचं उत्तर आहे? प्रयोगशाळेच्या की माणसाच्या?

३. हा धोका पकडायला किती माणसं आणि किती वर्षं लागतील? लहान चाचणीत दुष्परिणाम दिसला नाही, याचा अर्थ तेवढाच घ्या.

४. आकडेवारीच्या छेदात कोण आहे, आणि कोण येऊच शकत नाही?

कॉक्रेनच्या त्या आढाव्यावर माझा राग आता गेला आहे. 'आम्ही शोधलं, या निकषाने शून्य सापडलं' असं लिहायला धाडस लागतं. पाच अर्धवट अभ्यास गोळा करून सरासरी काढून देणं सोपं होतं. पण त्यांनी दाखवलेली रिकामी जागा भरायला फक्त मोठी यादृच्छिक चाचणी चालेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे त्याआधीची पायरी बाकी आहे. कुणी काय घेतलं, किती घेतलं, पुढे काय झालं, याची साधी, सन्मानाने केलेली, गुप्तता राखणारी नोंद. नाव-गाव फुटलं तर घर सुटेल अशी भीती असताना कुणी नोंद देणार नाही, म्हणून हे कामही वाटतं तितकं साधं नाही.

फार्मसी, समाजकार्य, संख्याशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, यातल्या कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या. गॅप खरा आहे, आणि तो कशावरून, हे आता तुम्हाला सांगता येईल.

तिला मी शेवटी काय सांगितलं? "त्या गोळ्यांनी होऊ शकतं. काय होऊ शकतं तेही सांगते. आणि नवीन औषधाबद्दल डॉक्टरांना कुठले प्रश्न विचारायचे, ते लिहून देते." तिने कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला, जिथे आधी पट्टी होती तिथेच.

पुढच्या वेळी कोहॉर्ट आणि केस-कंट्रोल यातला फरक, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितला होता म्हणून. प्रश्न असतील तर खाली लिहा.